जबल अलीच्या धक्क्यावर रास्त भावाचा प्रश्न

भाजी जवळच्या शेतातली, ताजी घ्यावी आणि जे लांबून येते ते पिकवणाऱ्याला रास्त भाव मिळावा, या दोन मागण्या हल्ली एका दमात केल्या जातात. पुण्या-नाशिकात त्या एकत्र खपूनही जातात, कारण तिथे जवळचे शेत आणि आपला शेतकरी एकच असतो. दुबईच्या दक्षिण टोकाला, जबल अलीत, हे गणित फिसकटते. तिथे जवळचे शेत म्हणजे वातानुकूलित हरितगृह किंवा दिव्यांच्या उजेडात चालणारी गोदामातली शेती, आणि आपला शेतकरी समुद्रापलीकडे निफाड, रावेर, करमाळ्यात. तिथल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने स्थानिक भाजी घेतली तर भले कुणाचे होते आणि नाशिकचा कांदा घेतला तर कुणाचे, हा प्रश्न दिसतो तेवढा घरगुती नाही. त्याच्या एका टोकाला सोलापूरची बाजार समिती आहे, दुसऱ्या टोकाला दिल्लीची अधिसूचना, आणि मध्ये जबल अलीचा धक्का. त्या सगळ्या बाजू एका जागी ठेवून पाहण्यासाठी हा आढावा.

बंदर आणि बाजार

जबल अली बंदराचे उद्घाटन २६ फेब्रुवारी १९७९ रोजी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. ओसाड किनारा खणून केलेले हे बंदर आज जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित बंदरांत गणले जाते. १९८५ मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले, तेच ‘जाफझा’. संयुक्त अरब अमिरातीला लागणाऱ्या अन्नापैकी सुमारे ८० ते ९० टक्के बाहेरून येते आणि त्यातला मोठा भाग याच धक्क्यावर उतरतो.

उतरलेले सगळे तिथेच खाल्ले जात नाही. जबल अलीतला अल खलीज साखर कारखाना कच्ची साखर आणून शुद्ध करतो आणि पुन्हा जगाला विकतो. दुबईच्या डीएमसीसी या सरकारी व्यापार संस्थेचे चहा केंद्र आणि २०१९ मध्ये उघडलेले कॉफी केंद्रही याच मुक्त क्षेत्रात आहेत. केनिया, श्रीलंका, आसाम अशा ठिकाणचा चहा इथे येतो, त्याची मिश्रणे होतात, पुड्या भरल्या जातात आणि डबे पुढे रवाना होतात. चहाचे मळे नसलेला हा देश चहाच्या पुनर्निर्यातीत जगात आघाडीवर आहे. मळ्यात पाने खुडणारीची मजुरी आणि दुकानातल्या डब्याची किंमत यांतली तफावत ज्या टप्प्यांवर वाढत जाते, त्यांतला एक महत्त्वाचा टप्पा हा.

म्हणूनच शेतकऱ्याला न्याय मिळतो की नाही हे तपासायला जबल अलीसारखी दुसरी जागा नाही. शेतमाल इथवर येतो तेव्हा त्यावर शेतकऱ्याचा काहीही हक्क उरलेला नसतो, आणि त्याची खरी किंमत मात्र इथून पुढे चढायला लागते.

जवळची शेती: कुणाच्या पाण्यावर, कुणाच्या हातांनी

अमिरातीने स्थानिक शेतीचा ध्यास घेतला तो हौसेखातर नव्हे. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले, भारतासह अनेक देशांनी तांदळाची निर्यात रोखली आणि खिशात पैसा असूनही धान्य मिळेलच असे नाही, हे आखाती देशांना कळून चुकले. पुढे अबू धाबीच्या अल दाहरासारख्या कंपन्यांनी इजिप्त, सर्बियासारख्या देशांत मोठाल्या जमिनी कसायला घेतल्या. २०१८ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा धोरण जाहीर झाले. अन्नसुरक्षेच्या जागतिक निर्देशांकात २०५१ पर्यंत पहिला क्रमांक मिळवायचा, हे त्याचे उद्दिष्ट.

जबल अलीच्या शेजारी, अल मक्तूम विमानतळाजवळ, जुलै २०२२ मध्ये ‘बुस्तानिका’ सुरू झाली. ३ लाख ३० हजार चौरस फुटांच्या इमारतीत एकावर एक थरांत पालेभाजी वाढवणारी ही शेती वर्षाला १० लाख किलो उत्पादन देते आणि उघड्या शेतीपेक्षा ९५ टक्के कमी पाणी वापरते, असे कंपनी सांगते. एमिरेट्सच्या विमानांतल्या जेवणात हीच पाने असतात. आकडा मोठा वाटतो, पण १० लाख किलो म्हणजे १,००० टन. ४० फुटी कंटेनरमध्ये साधारण २८ टन कांदा बसतो, त्या हिशेबाने छत्तीसेक कंटेनर. पालेभाजी आणि कांदा यांची बरोबरी होत नाही हे खरे. पण ताटात पोट भरणारे काय आणि शोभा वाढवणारे काय, याचा अंदाज यावरून येतो. लेट्यूस दिव्याखाली वाढवणे परवडते. कांदा, गहू, तूर, केळी तशी वाढवणे परवडत नाही.

ऑक्टोबर ते एप्रिल हा इथल्या उघड्या शेतीचा आणि साध्या हरितगृहांचा मोसम. अल ऐन, रास अल खैमा, लिवा या भागांतून काकडी, टोमॅटो, वांगी, पालेभाज्या दुकानांत येतात. चवीला त्या चांगल्या असतात आणि विमानाने आणलेल्या भाजीपेक्षा ताज्याही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की ही शेती थांबते किंवा थंडाव्याच्या यंत्रांवर चालते. पाणी भूगर्भातले असेल तर ते झपाट्याने खाली चालले आहे. समुद्राचे गोड केलेले असेल तर त्यामागे वीज जळते. एकट्या जबल अलीच्या प्रकल्पाची पाणी गोड करण्याची क्षमता रोज ४९ कोटी गॅलन आहे, आणि तो प्रामुख्याने नैसर्गिक वायूवर चालतो.

राहिला न्यायाचा मुद्दा. या शेतांचे मालक बहुतेक अमिराती, आणि राबणारे हात बांगलादेश, पाकिस्तान, भारतातून आलेले. अमिरातीच्या १९८० च्या कामगार कायद्याने शेतमजुरांना आपल्या कक्षेबाहेरच ठेवले होते. पुढे कायदे बदलले, उन्हाळ्यात दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरच्या कामाला बंदी आली. पण स्वतःची जमीन, स्वतःचे पीक आणि भावावर बोलण्याचा हक्क असलेला शेतकरी या स्थानिक भाजीमागे नाही. स्थानिक भाजीवर न्यायाचा शिक्का मारण्यापूर्वी एवढे ध्यानात असू द्यावे.

किलोमीटरचा हिशेब

अन्न किती लांबून आले यावरून त्याचे पर्यावरणावरचे ओझे मोजावे, ही कल्पना १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुजली. अन्नधोरणाचे अभ्यासक टिम लँग यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. कल्पना सुटसुटीत असल्याने ती पसरली, आणि तिचा फटका बसला केनियातल्या छोट्या शेतकऱ्यांना. विमानाने येणाऱ्या मालाला सेंद्रिय शिक्का द्यावा की नाही, असा वाद ब्रिटनच्या सॉइल असोसिएशनमध्ये २००७ मध्ये पेटला. श्रीमंत देशांनी हवेत सोडलेल्या धुराची भरपाई आमच्या घेवड्याने का करायची, हा आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांचा सवाल होता. शेवटी सरसकट बंदीऐवजी असा माल न्याय्य व्यापाराच्या कसोट्यांना उतरला पाहिजे, या दिशेने तोडगा निघाला. स्थानिक आणि न्याय्य या दोन मागण्या समोरासमोर आल्याचा तो पहिला ठळक प्रसंग.

नंतरच्या अभ्यासांनी किलोमीटरचा दरारा बराच कमी केला. पूर आणि नेमेचेक यांचा २०१८ चा मोठा अभ्यास सांगतो की अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीचा भार जमीन, खत, जनावरे, भातखाचरे यांचा. शिवाय वाहतूक कशाने झाली यावर बरेच अवलंबून असते. जहाज टनामागे ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधन जाळते आणि विमान सगळ्यांत जास्त. न्हावाशेवाहून निघालेले जहाज तीन-चार दिवसांत जबल अलीला लागते. नाशिकहून ट्रकने गुवाहाटीला जाणारा कांदा जबल अलीला जाणाऱ्या कांद्यापेक्षा जास्त अंतर तोडतो, पण त्याला कुणी परदेशी म्हणत नाही.

तेव्हा जबल अलीतल्या घरासाठी पर्यावरणाचा नियम सोपा आहे. मुंबईहून विमानाने येणारी कोथिंबीर, भेंडी, मिरची हिवाळ्यात इथली मिळत असेल तर इथली घ्यावी. जहाजाने येणारा कांदा, केळी, द्राक्षे, डाळ, तांदूळ घेताना अंतराचा संकोच बाळगायचे कारण नाही. खरा प्रश्न या मालाच्या भावाचा आहे.

पट्टीतले दोन रुपये

फेब्रुवारी २०२३ मधली एक पट्टी महाराष्ट्रभर गाजली. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा गोण्या, ५१२ किलो कांदा, सत्तरेक किलोमीटरवरच्या सोलापूर बाजार समितीत नेला. भाव लागला किलोला एक रुपया. ५१२ रुपयांतून मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा झाली आणि खाली आकडा उरला २ रुपये ४९ पैसे. त्याच्या हाती दिलेला चेक दोन रुपयांचा होता, आणि तोही पुढच्या तारखेचा.

हा कांदा कुठल्याही समुद्रापलीकडे गेला नव्हता. तो जवळच्या बाजारातच विकला गेला होता, आणि ताजाही होता. माल जवळ विकला म्हणजे भाव मिळतो, या समजुतीचे त्या पट्टीपुढे काही चालत नाही. पट्टीवर शून्याखाली आकडा येऊन वर शेतकऱ्यालाच पैसे भरावे लागतात त्याला आपल्याकडे ‘उलटी पट्टी’ म्हणतात, आणि कांदा उत्पादकांना ती नवी नाही.

ही तफावत मोजण्याचा प्रयत्न रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनीही केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधांनुसार ग्राहक देतो त्या रुपयातले कांद्यात सुमारे ३६ पैसे, टोमॅटोत ३३ आणि बटाट्यात ३७ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. केळीत ३१, द्राक्षात ३५ आणि आंब्यात ४३. हे देशातल्या विक्रीचे आकडे आहेत. समुद्र ओलांडला की शीतकंटेनर, जहाजभाडे, आयातदार, दुबईतल्या अल अवीर बाजारातला घाऊक व्यापारी आणि सुपरमार्केट असे आणखी वाटेकरी येतात. प्रत्येकाचे काम खरे असते आणि खर्चही खरा असतो. तरीही सगळ्या साखळीत स्वतःच्या मालाचा भाव स्वतः न सांगणारा एकच घटक राहतो, तो म्हणजे शेतकरी.

साखळी आखूड करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. शहरातल्या मोकळ्या जागेत शेतकऱ्यांच्या गटाने थेट विक्री करायची, ही त्यामागची योजना. अनेक ठिकाणी त्याने ग्राहक आणि शेतकरी दोघांचा फायदा झाला. पण कांद्यासारखे महापीक, ज्याचे ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर लासलगावात रांगेत उभे असतात, ते आठवडे बाजारात खपणारे नाही. त्याला देशाची आणि परदेशाची मोठी बाजारपेठ लागतेच.

दिल्लीची अधिसूचना

परदेशाची बाजारपेठ शेतकऱ्याच्या हातातून कशी सुटते, हे २०२३-२४ च्या कांद्याच्या हंगामात स्पष्ट दिसले. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले. ७ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले. २०१९ आणि २०२० मध्येही असेच घडले होते.

बंदीमागचे सरकारचे कारण खोटे नव्हते. त्या ऑक्टोबरात शहरांत कांद्याचे किरकोळ भाव झपाट्याने चढले होते आणि गरीब ग्राहकालाही कांदा लागतो. मात्र ग्राहकाला दिलेल्या सवलतीचा सगळा भार एकट्या शेतकऱ्याने का उचलावा, हा चाळीस वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आलेल्या शरद जोशींनी कांद्याच्याच आंदोलनातून शेतकरी संघटना उभी केली. सरकार शेतमालाचे भाव मुद्दाम पाडते आणि निर्यातबंदी हे त्याचे हत्यार आहे, ही त्यांची मांडणी होती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही संघटनेची घोषणा आजही नाशिकच्या मोर्चात ऐकू येते.

बंदीच्या काळात जबल अलीचा संबंध थेट आला. १ मार्च २०२४ रोजी केंद्राने अमिरातीला १४,४०० टन कांदा पाठवायला परवानगी दिली, तिमाहीला ३,६०० टनांच्या मर्यादेत, आणि ही निर्यात राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फतच व्हायची होती. एप्रिलमध्ये आणखी १०,००० टनांची भर पडली. भारतातला कांदा अमिरातीतल्या चालू भावाच्या कितीतरी खाली, मोजक्याच आयातदारांना दिला जात आहे, अशी तक्रार खासगी निर्यातदारांनी तेव्हा उघडपणे केली. देशाची मैत्री जपली गेली, आयातदाराला स्वस्त माल मिळाला, आणि शेतकऱ्याच्या पदरात बंदीच्या काळातला पडेल भाव आला. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले.

दरम्यान आखातातल्या दुकानांनी पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, इराणचा कांदा भरला. एकदा लागलेले गिऱ्हाईक सहजी परत येत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बंदीची झळ पुढच्याला कशी लागते, याचा नमुना तांदळातही दिसला. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि आठवडाभरात अमिरातीने तांदळाच्या पुनर्निर्यातीवर चार महिने बंदी घातली.

केळी, द्राक्षे आणि मागोवा

चित्र सगळे काळे नाही. रावेर तालुक्यातल्या तांदळवाडीच्या शेतकऱ्यांची भौगोलिक मानांकनाची जळगाव केळी जून २०२१ मध्ये दुबईला गेली, वीस-बावीस टनांची खेप. त्याच महिन्यात सांगलीच्या तडसरचे ड्रॅगन फ्रूटही दुबईला पोहोचले. सोलापूरच्या करमाळा-माढा पट्ट्यातली, उजनीच्या पाण्यावरची केळी आता आखाताच्या बाजारात नेहमीची झाली आहे. या केळीची सगळी पद्धतच निराळी. घडाला बागेतच पिशवी घातली जाते, कटाईनंतर घड जमिनीला टेकू दिला जात नाही, फण्या सुट्या करून धुतल्या जातात, वजनाप्रमाणे खोक्यात भरल्या जातात आणि १३-१४ अंशांवर कंटेनर बंद होतो. भाव जागेवर ठरतो. निर्यातीच्या मालाला स्थानिक भावापेक्षा जास्त पैसे मिळतात, पण कंटेनर सुटण्याच्या दिवशी आखातात माल जास्त झाला की खरेदीदार कटाई पुढे ढकलतो आणि बागेत पिकू लागलेला घड शेतकऱ्याच्या गळ्यात पडतो. सगळ्या साखळीतली जोखीम अशी हळूच खाली सरकते.

द्राक्ष उत्पादकांनी या जोखमीवर जास्त काम केले आहे. १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभारली आणि नाशिक, सांगली, सोलापूरची द्राक्षे युरोपात नेली. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने युरोपात माल अडला आणि उत्पादकांचे कंबरडे मोडले. त्या आधीपासूनच अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदणी सुरू केली होती. या फटक्यानंतर तिचे महत्त्व सगळ्यांना पटले. बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेतील तपासणी, पॅकहाऊस, कंटेनर, असा प्रत्येक टप्पा तिच्यात नोंदला जातो. पुढे आंबा, डाळिंब, भाजीपाला यांसाठीही तशाच नोंदण्या आल्या. युरोपातल्या दुकानातल्या डब्यावरून द्राक्षाचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो.

या यंत्रणेकडे जरा थांबून पाहायला हवे. कुठल्या गटातल्या बागेवर कोणत्या तारखेला काय फवारले, याचा हिशेब हजारो किलोमीटरवरच्या खरेदीदाराला मिळतो. त्याच बागेला किलोमागे काय भाव दिला, याची नोंद मात्र त्या साखळीत कुठेच नसते. ग्राहकाच्या पोटाची काळजी वाहणारी व्यवस्था तयार झाली. शेतकऱ्याच्या पोटाची काळजी वाहणारी झाली नाही. दर हंगामात द्राक्ष पट्ट्यात कुणीतरी व्यापारी पैसे बुडवून पळतो आणि शेतकरी पोलीस ठाण्याच्या चकरा मारतो. माल कुठे गेला हे कागदावर असते, पैसे कुठे अडकले ते शोधावे लागते.

दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स या बाबतीत वेगळी ठरली, कारण तिथे पॅकहाऊस, शीतगृह आणि निर्यातीचा परवाना हे शेतकऱ्यांच्याच मालकीचे आहे. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने २०११ मध्ये शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून तिची नोंदणी झाली, आज ती देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत मोडते आणि २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी तिच्या प्रक्रिया उद्योगात ३१० कोटी रुपये घातले. प्रत्येक गावात सह्याद्री उभी राहणार नाही, हेही मान्य करावे लागते. राज्यातल्या शेकडो शेतकरी कंपन्यांकडे भांडवल नाही, व्यवस्थापक टिकत नाही, आणि काही तर अनुदानाच्या कागदापुरत्याच आहेत. तरी भाव ठरण्याच्या जागी शेतकऱ्याने बसायचे तर मालकीशिवाय दुसरा मार्ग आजवर सापडलेला नाही.

जगातले तोडगे आणि त्यांची मर्यादा

जगात यावरचा सर्वांत प्रसिद्ध तोडगा ‘फेअरट्रेड’. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफी उत्पादकांसाठी ‘माक्स हाव्हेलार’ नावाने पहिला शिक्का आला आणि १९९७ मध्ये जागतिक संघटना उभी राहिली. तत्त्व सोपे आहे. बाजार पडला तरी ठरलेल्या किमान भावाच्या खाली खरेदी करायची नाही, आणि वर थोडी रक्कम गावाच्या कामांसाठी द्यायची. अरेबिका कॉफीचा हा किमान भाव ऑगस्ट २०२३ मध्ये पौंडाला १.८० डॉलर झाला. भारतात या शिक्क्याखाली प्रामुख्याने चहा, कॉफी, कापूस येतो. विदर्भातले काही कापूस उत्पादकही ‘चेतना ऑरगॅनिक’च्या माध्यमातून त्यात आले. मर्यादा अशी की प्रमाणपत्राचा खर्च आधी होतो, पिकाचा थोडाच भाग या शिक्क्याने विकला जातो, आणि कांद्यासारख्या घाऊक, वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाला असे शिक्के लागत नाहीत.

सरकारांचेही तोडगे आहेत. भारत-अमिराती सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू झाला. जुलै २०२२ मध्ये अमिरातीने भारतात अन्न उद्यानांसाठी २ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी जबल अलीतल्या ‘भारत मार्ट’ची पायाभरणी दोन्ही देशांच्या नेत्यांनी दूरस्थ पद्धतीने केली. भारतीय माल तिथल्या गोदामांतून थेट विकला जावा, ही कल्पना चांगली आहे. पण त्या गोदामात गाळा कुणाला मिळणार हे महत्त्वाचे. तो फक्त मोठ्या निर्यातदारांना मिळाला तर शेतकऱ्याच्या दृष्टीने एका दलालाची जागा दुसऱ्याने घेतली, एवढाच बदल होईल. शेतकरी कंपन्यांच्या महासंघाला तिथे एखादा गाळा आणि शीतगृह मिळाले, तर आखाताच्या बाजाराचा रोजचा भाव पहिल्यांदा थेट त्यांच्या कानावर पडेल.

आता काय करावे

सरकारने करायचे पहिले काम म्हणजे निर्यातीचे धोरण हंगामाआधी जाहीर करणे आणि ते मोडले तर भरपाई देणे. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा देण्याचा खर्च सरकारच्या तिजोरीतून व्हावा. दुसरे काम अपेडाचे. मागोव्याच्या ज्या नोंदीत फवारणी आणि अंश येतात, त्यात शेतकऱ्याला जागेवर दिलेला भाव आणि पैसे चुकते केल्याची तारीख हे दोन रकाने वाढवावेत. भाव ही व्यापारी गोष्ट आहे, ती उघड करता येत नाही, असे निर्यातदार म्हणतील. फवारणीची नोंद उघड करायला सांगितली तेव्हाही कुरकुर झालीच होती. ग्राहकाने अट घातली आणि ती मान्य झाली.

अट घालण्याची ताकद जबल अलीतल्या ग्राहकाकडे आहे, आणि त्यात मराठी माणूस थोडाथोडका नाही. विदर्भातून गेलेल्या धनंजय दातार यांनी १९८४ मध्ये दुबईत छोट्या दुकानापासून उभी केलेली अल अदीलची साखळी, महाराष्ट्र मंडळे, दर उन्हाळ्यातल्या हापूसच्या सामूहिक मागण्या, हे सगळे जाळे आधीच तयार आहे. मंडळांनी रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांकडून पेट्या थेट मागवताना भाव आगाऊ ठरवला, तर त्याच पद्धतीने कांद्याची आणि केळीची वार्षिक मागणी एखाद्या शेतकरी कंपनीकडे नोंदवता येईल. दोनशे कुटुंबांचा कांदा जागतिक व्यापारात काहीच नाही, पण एका गावाच्या शेतकरी गटाला तो हंगामाची हमी देऊ शकतो.

जवळचे आणि न्याय्य हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत आणि एक पाहिला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही. हिवाळ्यात अल ऐनची काकडी आणि पालक खुशाल घ्या, ते शहाणपणाचेच आहे. त्याच पिशवीत नाशिकचा कांदा आणि सोलापूरची केळी टाकताना मात्र पाकिटावरचा देश वाचून थांबू नका. माल कुठल्या शेतकरी कंपनीचा आहे आणि तिला जागेवर काय भाव दिला, हे दुकानदाराला विचारा. पहिल्यांदा तो खांदे उडवील. विचारणारे वाढले की उत्तर ठेवणे त्याला भाग पडेल.